मातीच्या भांड्यांसाठीं विलायतेची वाट

मातीचीं भांडीं पाहण्यासाठीं कोणी समुद्र ओलांडून जाईल, हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु चाकावर हात बसूं लागलेला होतकरू कलावंत असो, किंवा जुन्या बशीच्या पाठीवरील शिक्का न्याहाळण्याचा नाद लागलेला गृहस्थ असो, त्यास केव्हांना केव्हां इंग्लंडची ओढ लागतेच. बेत करतांना मात्र बहुतेकांचा क्रम चुकतो. लंडनमधील संग्रहालयांचीं नांवें ते आधीं लिहितात, आणि कारखाने उरल्यासुरल्या दिवसांवर सोडतात. वास्तविक आधीं भट्टी व मग कपाट हाच सुज्ञाचा क्रम होय. भांडें कसें भाजलें जातें हें ज्यानें पाहिलें, त्यालाच कांचेआडच्या भांड्याचें मोल कळतें. शिवाय संग्रहालयें जागच्या जागीं राहतील, कारखान्यांची तशी शाश्वती नाहीं.

म्हणून लंडनला उतरल्यावर युस्टन स्थानकावरून आगगाडीनें स्टोक-ऑन-ट्रेंट गांठावें. प्रवास दीड तासाच्या आसपासचा आहे. टन्स्टल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन अशीं सहा गांवें १९१० मध्यें एक होऊन हें शहर झालें. अर्नोल्ड बेनेट या कादंबरीकारानें आपल्या लेखनांत पांचच गांवें धरलीं व फेंटनला वगळलें, ही गोष्ट तेथें अद्याप सांगितली जाते.

एवढे कुंभार एका जागीं कां जमले? उत्तर मातींत नसून कोळशांत आहे. भांडीं भाजण्यास मातीच्या अनेक पट कोळसा लागे. म्हणून कोळसा मातीकडे नेण्यापेक्षां माती कोळशाकडे आणणें परवडे. तांबडी माती तेथलीच होती, पण पांढरी माती दूरच्या कॉर्नवॉलमधून येई. खडबडीत रस्त्यांवर घोड्यांच्या पाठीवरून जातांना तयार माल वाटेंतच फुटे. जोसाया वेजवुड हा कुंभार ट्रेंट व मर्सी नद्या जोडणाऱ्या कालव्याच्या पाठीस लागला तो यामुळेंच. कालव्याचें काम १७६६ मध्यें सुरू होऊन १७७७ मध्यें पुरें झालें. होडींत भांड्यांना धक्का बसत नाहीं, ही साधी गोष्ट त्या धंद्याच्या भरभराटीच्या मुळाशीं आहे.

लाँगटन येथील ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम हें यात्रेचें मुख्य ठिकाण समजावें. तेथें बाटलीच्या आकाराच्या प्रचंड भट्ट्या उभ्या आहेत. बाहेरून दिसते ती बाटली म्हणजे केवळ धुराडें. खरी भट्टी तिच्या पोटांत, घुमटासारखी असते. आपल्या कुंभाराच्या आव्यांत भांडीं आणि जळण एकत्र रचतात. येथें मात्र ज्वाळा व धूर भांड्यांस लागूं नये म्हणून तीं सॅगर नांवाच्या जाड मातीच्या डब्यांत बंद करीत आणि ते डबे माणसाच्या डोक्यावरून आंत नेऊन छतापर्यंत रचीत. मग दार विटांनीं बुजवून दोन-तीन दिवस आंच देत. एका भाजणीस दहा-पंधरा टन कोळसा जाई. या वैभवाची किंमत कामगारांनीं भरली: गारगोटीच्या पुडीनें फुप्फुसें गेलीं, झिलईंतील शिशानें शरीरें. नाजूक कपाची तारीफ करतांना हें विसरूं नये.

अशा भट्ट्या एके काळीं सुमारें दोन हजार होत्या. आज पन्नासहि उरलेल्या नाहींत. धुराविरुद्धचा कायदा १९५६ मध्यें झाला, आणि कोळशावरची शेवटची भाजणी लाँगटनमध्येंच १९७८ सालीं झाली. जे कारखाने विजेवर व गॅसवर तगले, त्यांचेंहि आयुष्य आतां अनिश्चित झालें आहे. बर्स्लेमचा सुप्रसिद्ध मूरक्रॉफ्ट कारखाना २०२५ च्या एप्रिलांत बंद पडला; संस्थापकाच्या नातवानें तो घेतला म्हणून पुन्हा सुरू झाला. जवळच्या बार्लास्टन येथील वेजवुड संग्रह तर कंपनीच्या निवृत्तिवेतन-निधीचें कर्ज फेडण्यासाठीं विकला जाण्याची पाळी आली होती. २०१४ मध्यें लोकांनीं वर्गणी काढून तो वांचविला. सर्व मिळून १ कोटि ५७ लक्ष ५० हजार पौंड जमवावे लागले. तो संग्रह अवश्य पाहावा.

मग लंडन. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या वरच्या मजल्यावरील दालनांत भांड्यांच्या उभ्या भिंतीच रचल्या आहेत. सर्व पाहण्याचा हव्यास धरल्यास कांहींच दिसणार नाहीं. एक देश वा एक झिलई निवडून तेवढीच पाहावी.

ब्रिटिश म्युझियमचें ९५ क्रमांकाचें दालन मात्र मुंबईकरानें चुकवूं नये. तेथील सुमारें १७०० चिनी भांडीं जमविणारे सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ मध्यें मुंबईंत जन्मले. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकीं होते. २०२४ मध्यें विश्वस्तांनीं हा संग्रह म्युझियमला कायमचा देऊन टाकला. त्यांतील निळ्या-पांढऱ्या दोन फुलदाण्यांवर १३५१ सालचा लेख आहे, आणि त्या एका तारखेच्या आधारें विद्वान इतर भांड्यांचा काळ ठरवितात. दोन्ही फुलदाण्या डेव्हिड यांनीं निरनिराळ्या ठिकाणांहून मिळवून पुन्हा एकत्र आणल्या.

सवड असल्यास कॉर्नवॉलच्या टोकाशीं सेंट आयव्ह्सपर्यंत जावें. बर्नार्ड लीच व त्यांचे जपानी मित्र शोजी हामादा यांनीं १९२० मध्यें तेथें कार्यशाळा थाटली आणि जपानी पद्धतीची चढती भट्टी बांधली. ट्रेन सेंट अर्थला बदलावी लागते. जाण्यायेण्यास दोन दिवस धरावेत.

निघण्यापूर्वीं प्रत्येक ठिकाणीं पत्र पाठवून तें उघडें आहे काय हें विचारावें, कारण जुन्या इमारती दुरुस्तीसाठीं महिनोन्‌महिने बंद राहतात. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्जहि वेळेवर करावा. आणि घेतलेलीं भांडीं बॅगेंत रचतांना बशा आडव्या न ठेवतां उभ्या ठेवाव्या, कपांच्या पोटांत मोजे भरावे, व सर्वांभोंवतीं लोकरीचे कपडे दाबून बसवावे.