तपासणारा कोण?

पानशेतकरांना १२ जुलै १९६१ समजावून सांगावा लागत नाही. याच गावात बसून मी समुद्रातल्या तेलविहिरींबद्दल वाचू लागलो, ते एका जुन्या प्रश्नापायी: बांधणाऱ्याचे काम तपासतो कोण?

२७ जुलै २००५ ला मुंबई हायवर जखमी कामगाराला उतरवायला आलेले जहाज फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळले. आगीत २२ जण गेले. पुढे २००८ च्या नियमांनी समुद्रातली सुरक्षा तपासणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपवली. १९८६ साली स्थापन झालेले हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाचे. त्यावरच्या सुरक्षा परिषदेचे अध्यक्ष त्याच खात्याचे सचिव, सदस्यांत तेलकंपन्यांचे प्रतिनिधी. मुंबई हाय चालवणारी ओएनजीसीही त्याच मंत्रालयाखाली. म्हणजे सून आणि सासू एकाच चुलीवर!

जमिनीवरच्या तेलविहिरी मात्र धनबादच्या खाणसुरक्षा महासंचालनालयाकडे. ते कामगार मंत्रालयाचे. किनारा ओलांडला की तपासनीसाचे मंत्रालयच बदलते. ब्रिटनमध्ये १९८८ साली पायपर अल्फा फलाटावर १६७ माणसे मेली. न्यायाधीश कलन यांच्या १९९० च्या अहवालानंतर तिथली तपासणी ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाकडे दिली गेली.