यांग्त्सेच्या पात्रातून दिसणारं वुहान

नद्या आणि शहरं : लेखांक ९

वुहानमध्ये यांग्त्सेचं पात्र किलोमीटरभराहून रुंद आहे. तिथल्या रात्रीच्या रोषणाईचं सारं गणित या रुंदीवर बेतलेलं आहे. काठावरच्या उंच इमारतींच्या दर्शनी भागावर एलईडी दिव्यांचं जाळं बसवलंय. प्रत्येक इमारतीचा नियंत्रक वेगळा असला, तरी सगळ्यांची वेळ एकाच केंद्रातून जुळवली जाते. त्यामुळे एकच चित्र कितीतरी इमारतींवर तुकड्यातुकड्यांनी उमटतं. क्रौंचाचा एक पंख इथे, दुसरा शेजारच्या मनोऱ्यावर, मान तिसऱ्यावर. इमारतीच्या पायथ्याशी उभं राहिलात तर लुकलुकणाऱ्या ठिपक्यांपलीकडे काही दिसणार नाही. पात्राच्या मध्यावर गेलं की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पक्षी उडू लागतो. म्हणून हा खेळ पाहायची खरी जागा संथ चालणारी बोट.

या बोटींतून दिसतं काय? सगळ्यात आधी पूल. १५ ऑक्टोबर १९५७ रोजी खुला झालेला हा यांग्त्सेवरचा पहिला पूल, वरून रस्ता आणि खालून रेल्वे. त्याआधी उत्तरेकडून येणारी गाडी शहराच्या हानकौ भागात थांबायची. तिचे डबे बोटीवर चढवून नदीपार न्यायचे आणि पलीकडच्या वुचांग भागात पुन्हा रुळांवर उतरवायचे. आज हा पूल दिव्यांनी उजळतो तेव्हा हे पर्यटकांना कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर तो फक्त एक सुंदर पूल उरतो.

वुचांगच्या बाजूला सर्पटेकडीवर सोनेरी दिसतो तो पीत क्रौंच मनोरा. त्याची पहिली उभारणी इ. स. २२३ मधली, टेहळणीसाठी. युद्धं आणि आगी यांत तो वारंवार पडला आणि पुन्हा उभा राहिला. १८८४ च्या आगीनंतर मात्र जवळजवळ शंभर वर्षं तो नव्हताच. आजचा मनोरा १९८५ चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट असलेला. मूळ जागा पुलाच्या वुचांगकडच्या बांधकामात गेल्याने तो सुमारे किलोमीटरभर मागे सरकवून बांधला. म्हणजे बोटीतून एका नजरेत दिसणारे पूल आणि मनोरा यांतल्या एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली आहे. रोषणाईत दोन्ही सारखेच प्राचीन भासतात. उजेडाला वय दाखवता येत नाही, ही या प्रकाराची मोठी मर्यादा.

समोरच्या हानकौ काठाची कहाणी वेगळी. १८६१ मध्ये हे बंदर परकीय व्यापाराला खुलं झालं आणि पुढच्या चाळीस वर्षांत ब्रिटिश, जर्मन, रशियन, फ्रेंच आणि जपानी यांनी इथे आपापली क्षेत्रं आखून घेतली. रशियन व्यापाऱ्यांनी चहाच्या विटा पाडणारे कारखाने काढले. तो चहा पार सायबेरियापर्यंत जाई. १९२४ चं कस्टम हाउस, त्याचा घड्याळाचा मनोरा आणि काठालगतच्या दगडी पेढ्या त्या काळातल्या. रात्री त्यांच्यावर मंद पिवळा प्रकाश सोडलेला असतो आणि तो इतका देखणा दिसतो की ही संपत्ती कुणाच्या अटींवर उभी राहिली, हा प्रश्नच मनात येत नाही. तो यायला हवा.

इथेच ‘झीयिन’ या बोटीचं महत्त्व मला वाटतं. मे २०१७ मध्ये सुरू झालेली ही बोट म्हणजे तरंगतं नाटक आहे. दिग्दर्शक फान यूए. बोटीची घडण १९२०-३० च्या दशकांतल्या आगबोटींसारखी. प्रेक्षकांना ठरावीक खुर्च्या नाहीत. त्या काळच्या पेहरावातले नट त्यांच्यातच वावरतात. कुणी व्यापारी, कुणी निरोप घेणारी तरुणी. प्रेक्षक एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात, केबिनच्या दारात थांबून कुणाची तरी गोष्ट ऐकतात, नृत्यदालनात नाचतात. बोटीचं नाव एका दंतकथेवरून आलंय. बोया हा गूछिन हे वाद्य वाजवणारा कलावंत. त्याचं वादन नेमकं समजणारा, म्हणजेच त्याचा ‘झीयिन’, लाकूडतोड्या झोंग झीची त्याला याच शहरातल्या हानयांगपाशी भेटला. झीची गेल्यावर बोयाने वाद्य फोडलं आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. इमारतींवरचं चित्र काही क्षणांत सरकतं. समोर उभ्या माणसाच्या तोंडून ऐकलेली ताटातूट मात्र प्रेक्षकाच्या मनात घर करते. वारसा जपण्याची ही पद्धत मला रोषणाईपेक्षा कितीतरी सरस वाटते.

पण रोषणाईनेही एकदा माणसांचं काम केलं. जानेवारी २०२० मध्ये शहर बंद झालं, तेव्हा याच इमारतींवर वुहानला धीर देणारी अक्षरं झळकत होती. ७६ दिवसांनी, ८ एप्रिलला टाळेबंदी उठली, त्या रात्री दोन्ही काठांवर डॉक्टर-परिचारिकांच्या आकृती उमटल्या. शहर स्वतःशीच बोलत होतं. पर्यटकांसाठी रचलेला कुठलाही कार्यक्रम त्या रात्रीच्या जवळपास पोहोचणार नाही.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे, तर मराठी वाचकाने आणखी एक साल लक्षात ठेवावं. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेलं भारतीय वैद्यकीय पथक मुंबईहून निघून हानकौला पोहोचलं. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर. जपानी फौजा जवळ येत होत्या. पथकाला यांग्त्सेच्या वरच्या अंगाला यीचांग, तिथून चोंगचिंग असं जावं लागलं. ऑक्टोबर संपण्याआधी शहर पडलं. कोटणीस पुढे येनानला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचलं, पण हानकौचं नाव त्यासोबत फारसं कुणी घेत नाही.

वुहानला कधी गेलात तर बोटीचं तिकीट रात्रीचं काढा, पण त्याआधी एक दुपार राखून ठेवा. कस्टम हाउस आता संग्रहालय आहे, ते पाहा आणि काठाने पायी फिरा. पावसाळ्यात काठालगतच्या बागेचा सखल भाग पाण्याखाली जातो. तो तसा जाऊ द्यायचा म्हणूनच सोडलेला आहे. १९५४ च्या पुरात हानकौची पातळी २९.७३ मीटरवर गेली होती आणि तो उच्चांक आजही कायम आहे. ‘झीयिन’वरचे संवाद चिनीत असतात, त्यामुळे बोयाची आणि हानकौची गोष्ट आधी वाचून जा.

पुढच्या आठवड्यात बँकॉकची चाओ फ्राया.