उपशामक शुश्रूषा आणि चतुष्पादांतील उपस्थाता

असाध्य व्याधीच्या रुग्णास 'आता काही करण्यासारखे उरले नाही' असे सांगितले जाते, तेव्हा त्याचे आप्त बहुधा वैद्याकडे वळतात. हुडकेश्वर, मानेवाडा, नरसाळा या दक्षिण नागपुरातील वस्त्यांमध्ये व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना आणि औषधी दुकानदारांना हा अनुभव नवा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय याच भागात असल्याने बाहेरगावचे रुग्णही येथे नातलगांच्या घरी राहतात. अशा वेळी आपले कर्तव्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उपशामक शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, ही उपचार थांबल्यानंतरची सोय होय, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येनुसार जीवघेण्या व्याधीने ग्रस्त रुग्ण आणि त्याचे कुटुंब या दोहोंच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक वेदनांचे निवारण म्हणजे ही शुश्रूषा. तिचा आरंभ निदानापासूनच व्हावा, असे संशोधन सांगते. अमेरिकेतील बोस्टन येथे फुप्फुसाच्या प्रसृत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या कर्करोग-चिकित्सेसोबत आरंभापासून ही शुश्रूषा लाभलेल्या रुग्णांचे जीवनमान अधिक चांगले राहिले व नैराश्य कमी आढळले. अखेरच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले. तरीही त्यांचा मध्यम जीवनकाल ११.६ महिने होता, तर इतरांचा ८.९ महिने.

आपल्या शास्त्रास ही दृष्टी परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात असाध्य व्याधींचेही याप्य आणि अनुपक्रम असे दोन भेद केले आहेत. नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगून उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे गुण असावेत, असे म्हटले आहे. आज हा उपस्थाता म्हणजे घरातील पत्नी, सून, मुलगी किंवा वृद्ध पती. अनुराग त्यांच्यापाशी असतो. उपचारज्ञता मात्र कोणी शिकविलेली नसते.

या पादाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोठी आहे. जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण अनुभवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, तशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक आढळले, असे १९९९ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. म्हणून औषध नेण्यास आलेल्या आप्ताला आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत : 'आपली झोप होते काय? आपणास विसावा देणारे दुसरे कोणी आहे काय?' अंथरुणास खिळलेल्या रुग्णास साधारण दर दोन तासांनी कूस बदलविणे, मुखाची स्वच्छता राखणे, उचलताना स्वतःची कंबर सांभाळणे, एवढे शिकविण्यास दहा मिनिटे पुरतात.

औषधयोजनेत पुढील दक्षता आवश्यक आहे. मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णास मलावष्टंभ होतोच. त्यासाठी सारक औषध मॉर्फिनसोबतच सुरू करावे लागते. दुकानातून सहज दिला जाणारा इसबगोल येथे योग्य नव्हे, कारण पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात तो अडकून बसू शकतो. मूत्रल औषधे चालू असता यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. वृक्कविकारात रसौषधींबाबत विशेष सावध राहावे. आसवारिष्टांत मद्यांश असतो, हेही विसरू नये. प्रत्येक कल्पाची नोंद रुग्णाच्या फाइलमध्ये करून ती त्याच्या कर्करोगतज्ज्ञास दिसेल असे पाहावे.

वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णास 'मॉर्फिनची सवय लागेल' असे सांगून ते बंद करविणे हा अपराधच समजावा. योग्य मात्रेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ते वेदनाशमनाचे मान्य साधन आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अशी औषधे ठेवणे सुकर झाले. महाराष्ट्रात १९८६ मध्ये वांद्रे येथील शांती अवेदना सदन आणि १९९७ मध्ये पुण्यातील सिप्ला केंद्र सुरू झाले. आपल्या नागपुरात स्नेहांचल हे सेवाकार्य करीत आहे. अशा केंद्रांची माहिती प्रत्येक चिकित्सालयात असावी.

एक अप्रिय गोष्टही येथे लिहिणे भाग आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने निषिद्ध आहे. कायदा बाजूस ठेवला, तरी अखेरच्या महिन्यांत शेत वा दागिने विकून आणलेला पैसा खोट्या आशेवर खर्च करविणे वैद्यधर्मास शोभत नाही. चरकाने इंद्रियस्थानात, अरिष्ट दिसले तरी न विचारता मरण सांगू नये आणि विचारले तरी ऐकणाऱ्यास अपाय होईल तेथे बोलू नये, असा संयम सांगितला आहे. त्यात असत्य बोलण्याची मुभा नाही. रुग्णास किती जाणून घ्यावयाचे आहे हे आधी त्यालाच विचारावे, आणि तेवढेच मृदुपणे सांगावे.

व्याधी हटविणे सदैव आपल्या हाती नसते. परंतु वेदना, दुर्गंधी, अनिद्रा व एकाकीपण कमी करणे पुष्कळदा असते. वैद्यबंधूंनी आणि औषधी दुकानदारांनी आपल्या परिसरातील अशा एका तरी घराची विचारपूस नियमाने करावी, अशी आमची विनंती आहे.