भोगावतीकाठचा उपसा

1907 साली शाहू महाराजांनी संकल्पिलेले आणि पुढे अनेक वर्षांनी पूर्णत्वास गेलेले राधानगरीचे धरण भोगावतीच्या पात्रात पाणी सोडते. परंतु ते पाणी माळावरच्या उसापर्यंत चढविण्याचे काम नदीकाठच्या जॅकवेलांवर बसविलेल्या मोटरींचे असते, आणि या मोटरी ज्या विजेच्या आधारावर जगतात तिची चंचलता कोणास प्रत्यक्ष पाहावयाची असेल, तर त्याने वळिवाच्या वाऱ्यांचा अंमल सुरू झाल्यावर एखाद्या सहकारी उपसा योजनेच्या पंपघरात संध्याकाळ काढावी.

मी अशा एका पंपघरात गेलो तेव्हा तिन्ही पंप चालू होते, व्होल्टमीटरचा काटा 415 च्या आसपास होता आणि दाजीपूरच्या बाजूने आभाळ भरून येत होते. पहिला झटका आला तेव्हा पंपघरातला दिवा क्षणभर पिवळा पडला, मोटरींचा सूर खाली उतरला आणि एका पेटीतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरीस वीज जोडणारा चुंबकी खटका, कडकड वाजू लागला. वीज गेली नव्हती. कोठेतरी दूरच्या वाहिनीवर फांदी टेकली असावी, आणि उपकेंद्रातला ब्रेकर ती सदोष वाहिनी तोडीपर्यंत त्याच उपकेंद्रावरील सर्वांचा विजेचा दाब खचला असावा. ही घटना सेकंदाच्या एखाद्या अंशाची; पण मोटरीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे दाब 80 टक्क्यांवर आला की पिळण्याची ताकद 64 टक्के उरते, आणि 70 वर आला की निम्मीसुद्धा उरत नाही. अशा वेळी गती राखण्यासाठी मोटर अधिक प्रवाह ओढते, वायंडिंग तापते, आणि धड ओढलाही जात नाही व धड सुटतही नाही असा कॉन्टॅक्टर आपलेच संपर्कबिंदू जाळून एकमेकांस चिकटवतो. माझ्या मते पूर्ण खंडापेक्षा हे अर्धवट धरून राहणेच अधिक घातक होय.

दुसऱ्या झटक्याला सगळेच बंद पडले आणि दोन-तीन सेकंदांत वीज परतलीही. अनभिज्ञ माणसास वाटेल की आता बटण दाबावयास काय हरकत? परंतु मोटर तोवर फिरतच असते. तिच्यातले चुंबकत्व पहिले काही क्षण टिकून राहून तिच्या टोकांवर स्वतःचा दाब निर्माण करते, आणि परतलेली वीज त्याच्या उलट पडली तर जवळजवळ दुप्पट दाबाचा आघात बसून कपलिंग तुटू शकते किंवा दंड पिळवटू शकतो. हे संकट क्षणार्धात टळते. खरी वाट पाहावी लागते ती पाण्याची. वर चढलेला जलस्तंभ माघारी कोसळतो, ही माघार रोखणारा रिफ्लक्स व्हॉल्व्ह आपटून मिटतो, त्याचा धक्का नळीभर वरखाली धावतो, आणि व्हॉल्व्ह नीट मिटला नाही तर पंप उलटा फिरू लागतो. वरच्या पाटावरून धावत आलेल्या पाटकऱ्याने घाई केली तेव्हा ऑपरेटर शांतपणे म्हणाला, “तात्या, नळीतलं पाणी अजून माघारी यायला लागलंय. जरा दम धरा.”

टायमर, दाब कमी झाल्यास वा एक फेज गेल्यास मोटर तोडणारे रिले, ही सर्व तजवीज या एकाच तत्त्वासाठी असते: संकटात निःशंकपणे सोडावे आणि उठताना क्रमाने उठावे. साखर कारखान्याच्या बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाला असे सोडून देण्याची मुभा नसते. तेथे कॉन्टॅक्टरचे कॉइल वेगळ्या बॅटरीवर ठेवून तो क्षणभराचा खळगा ओलांडावा लागतो. उपशाला ती निकड नाही. तरीही शिवारातल्या वैयक्तिक पंपांवर वीज येताच आपोआप चालू होणारे ऑटोस्विच सर्रास दिसतात. रात्रीबेरात्री शेतात जाण्याचे शेतकऱ्याचे कष्ट मी जाणतो, पण एका डीपीवरील, म्हणजे रोहित्रावरील, सगळे पंप एकाच क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह मागू लागले म्हणजे दाब पुन्हा खचतो, डीपी जळते, आणि ज्याने स्विच बसविला नाही तोही तिच्या दुरुस्तीपर्यंत कोरडा राहतो. ऑटोस्विच काढावा आणि कपॅसिटर बसवावा असे महावितरण वरचेवर सांगते. ते सांगणे रास्तच आहे.

नळीतला आवाज शमल्यावर ऑपरेटरने व्हॉल्व्ह हाताने चाचपला, तिन्ही फेज पाहिल्या आणि स्टार-डेल्टा स्टार्टरवरून पहिली मोटर चालू केली. स्टारमध्ये वाहिनीवरचा प्रवाह एक-तृतीयांशच राहतो; गती आल्यावर खटका डेल्टावर गेला, काटा सावरला, मग दुसरी. तिला चालविल्यावर मात्र काटा 380 च्या वर चढेना. तिसरी चालू करण्यास त्याने साफ नकार दिला, आणि तिच्या पाटाखालच्या शेतकऱ्यांची पाळी पाटकऱ्याने नोंदवहीत दुसऱ्या दिवसावर घातली.