कुट्टीचे झाकण कुठे आहे?

कडबाकुट्टी बंद पडल्याची बातमी आधी गोठा देतो. अख्खा कडबा समोर टाकला की म्हैस वरची पाने ओरबाडते, खालचे जाड धाट पायाखाली तुडवते आणि मग हंबरत राहते. तोच कडबा बारीक करून टाकला तर धाटासकट संपतो. म्हणून आमच्या सांगलीकडे ज्यांच्या दारात दोन म्हशी नि चार शेळ्या आहेत, अशा बहुतेक घरी कुट्टीचे मशीन दिसते. नवे नसेल तर कुणाकडून तरी घेतलेले जुने. आमच्या घरात दोन पिढ्या लोखंडाचे काम चालते. अब्बांच्या वेळी हाताने चाक फिरवायच्या कुट्ट्या यायच्या. आता बहुतेक दोन हॉर्सपॉवरच्या मोटरीवर चालणाऱ्या येतात. बकरी ईदच्या आधीचा महिना तर बोकड पाळणाऱ्या घरांच्या मशीनचाच असतो.

मशीन जुने म्हणून वाईट, असे आम्ही मानत नाही. जुन्या कुट्टीचे बिडाचे चाक आणि दातेरी रोलर नीट सांभाळले तर पुष्कळ वर्षे जातात. झिजतात ती पाती, बुश, गिअरचे दात, चाव्या आणि नटबोल्ट. हे सगळे बदलता येते. प्रश्न वेगळाच आहे. दुरुस्त होऊन घरी गेलेले मशीन आधीपेक्षा जोरात ओढते, आणि ते चालवणारी असते घरातली बाई किंवा शाळेतून आलेला मुलगा.

आधी पात्यांचे पाहू, कारण गिऱ्हाईक तेवढ्यासाठीच येते. पात्याला खाच पडते ती चाऱ्यामुळे क्वचितच. पेंडीला बांधलेली तार, मुळाच्या गड्ड्यात अडकलेला खडा, उसाच्या वाढ्यांत आलेला खिळा, अशी कारणे असतात. खाच लहान असेल तर धार लावून जाते. पाते पाजवताना फक्त उताराची बाजू घासायची. दुसरी, सपाट बाजू तशीच सपाट राहिली पाहिजे, नाहीतर पाते तोंडाच्या पट्टीला नीट घासून जात नाही आणि चारा कापला जाण्याऐवजी चेचला जातो. ग्राइंडरवर घाई केली की पात्याची कड निळी पडते. निळी पडली म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. अशी धार आठवडाभरही टिकत नाही. शिकलगार मंडळी पाते मधूनमधून पाण्यात बुडवून धार काढतात, ते उगाच नाही.

दोन्ही पाती एकदमच बदलावीत. एक नवे आणि एक झिजलेले बसवले तर चाकाचा तोल जातो, मशीन थरथरते आणि त्या थरथरीने नट ढिले होतात. पाते बसवल्यावर मोटरीचा पट्टा काढून चाक हाताने फिरवून बघायचे. पाते आणि तोंडाची पट्टी यांच्यामध्ये कागद धरला तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरीने कापल्यासारखा कापला गेला पाहिजे. मध्येच चुरगळला तर मागच्या बोल्टांनी फट जुळवायची. पात्याचे बोल्ट जुने वापरू नयेत, हा आमच्या दुकानातला नियम आहे. एका बोल्टाला किती पैसे पडतात? आणि सुटलेले पाते समोरच्याच्या छातीच्या उंचीने जाते.

पात्याचा तुकडा उडाला असेल तर तो सापडेपर्यंत त्या दिवशीची कुट्टी जनावराला घालू नका. गाय-म्हैस चारा आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते, त्यामुळे लोखंडाचा तुकडा किंवा तार तिला तोंडात कळत नाही. तो जाऊन बसतो जाळीपोटात. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये पडदा तेवढा असतो. अणकुचीदार तार तो पडदा ओलांडून हृदयापर्यंत जाते आणि धडधाकट दिसणारी म्हैस खाणे सोडते, दूध आटते, चालताना कण्हते. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काठीला बांधून कुट्टीच्या ढिगातून फिरवले तर दहा मिनिटांचे काम आहे.

बिडाच्या चाकाला तडा गेला असेल तर मात्र आम्ही हात जोडतो. बीड वेल्डिंगने चिकटते, दिसायलाही बरे दिसते. पायाला किंवा तोंडाच्या परातीला ते चालेल. फिरत्या चाकाला नाही. वेल्डिंगच्या शेजारचे बीड ठिसूळ होते आणि चाक वेगात असताना तिथूनच उकलते. 'थोडं टाकून द्या, ईदपुरतं चालवतो' असे म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांचा राग पत्करावा लागतो.

वेगाचेही असेच. साधी मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे फिरते. मोटरीवर तीन इंची पुली आणि मशीनवर बारा इंची असली की चाक ३६० फेरे घेते. काम लवकर उरकावे म्हणून काही जण मोटरीवर पाच इंची पुली बसवून मागतात. मग फेरे होतात ६००. वेग दीडपटीच्या थोडा वर गेला, असे वाटते. पण पात्याला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेतीनपटीहून जास्त. जुने चाक आणि जुने बोल्ट एवढा जोर सोसतील, याची हमी कोण घेणार? मशीनवर कंपनीने जेवढे फेरे लिहिले असतील तेवढेच ठेवावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचे. लोक पात्याला घाबरतात. हात खरे तर रोलर नेतो. हिशेब करून पाहा. चाकावर दोन पाती, मिनिटाला ३६० फेरे, म्हणजे सेकंदाला बारा काप. कुट्टी दोन सेंटिमीटरची असेल तर रोलर सेकंदाला चोवीस सेंटिमीटर चारा आत ओढतात. बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतचे अंतर त्याहून कमी असते. बोट दातांत सापडल्यावर बाजूला कुणी धावत स्विचपर्यंत पोहोचेल, ही कल्पनाच सोडून द्यावी. ओढणीचे टोक, साडीचा पदर, बुरख्याची सैल बाही, हातातले काचेचे कंगन: रोलरला सगळे चाऱ्यासारखेच. बाही कोपरावर, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली आणि कंगन उतरवून ठेवलेले, एवढे झाल्याशिवाय स्विच दाबू नये.

म्हणून दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये आम्ही पात्याआधी दांडा बघतो. पुढे, बंद आणि उलटे, असा रोलर फिरवणारा जो दांडा असतो तो. जुन्या मशीनमध्ये त्याच्या खाचा झिजलेल्या असतात, मग तो मध्यावर ठरत नाही आणि उलटाही पडत नाही. घरचे लोक त्याला तारेने पुढच्या बाजूला बांधून टाकतात. चारा अडकला की उलटा फिरवून काढायची सोय गेली, राहिला हात. या खाचा लेथवर पुन्हा पाडून घेणे किंवा तो तुकडा नवा बसवणे हे पात्यांपेक्षा कमी खर्चाचे काम आहे, पण ते मागायला आलेले गिऱ्हाईक आम्हाला अजून भेटायचे आहे. त्यांना पाती हवी असतात.

दुसरी गोष्ट स्विचची. आमच्याकडे लाईट जाते आणि कधीही येते. मशीन चारा अडकून थांबले की लाईट गेली म्हणून थांबले, हे चालवणाऱ्याला लगेच कळत नाही. 'लाईट गई थी, इस वास्ते हात डाली मैं,' असे सांगणाऱ्या एका चाचींचा तळवा आम्ही पाहिला आहे. नशीब की पाती बोथट होती. भिंतीवरचा साधा बटन-स्विच चालू राहिला तर लाईट आल्याबरोबर चाक आपोआप फिरते. पंपाला असतो तसा स्टार्टर बसवला तर लाईट गेल्यावर तो स्वतः सुटतो आणि हिरवे बटन पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मात्र पंपाला लोक लाईट आल्यावर आपोआप सुरू करणारा ऑटो लावतात, तो कुट्टीला चुकूनही लावू नका. आणि मशीनच्या लोखंडी अंगाला अर्थिंग हवेच. गोठ्याची जमीन ओली असते आणि पाय अनवाणी.

मुलांचे वेगळे. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरयाणातील खेड्यांत शेतीच्या अवजारांनी होणाऱ्या जखमांचा अभ्यास केला होता. हातचाकाच्या कुट्टीवर खेळणारी मुले त्यांना दिसली. एक जण चाक फिरवतो, दुसऱ्याची बोटे गिअरमध्ये किंवा रोलरमध्ये. त्यांनी सुचवलेले उपाय कुणाही मिस्त्रीला जमतील असे होते: काम नसताना चाक अडकवून ठेवणारी खिट्टी, गिअरवर झाकण आणि रोलरच्या आधी एक साधा फिरता रूळ, ज्याला हात लागला की पुढे धोका आहे हे कळते. आमच्याकडे कोपऱ्यात पडलेली हातकुट्टी अजून पुष्कळ घरांत आहे. तिच्या चाकाच्या आऱ्यांतून साखळी घालून कुलूप लावले तरी खिट्टीचे काम होते.

सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी कायदा केला. त्यात मळणी यंत्राचे नाव थेट आहे. पण कायदा काहीही असो, गोठ्यात बघायला कुणी येत नाही. तिथे शेवटचा हात मिस्त्रीचा असतो.

आणि मिस्त्रीच्या हातूनच झाकण निघते. चाकावरचे पत्र्याचे झाकण चार ते सहा बोल्टांनी बसवलेले असते. धार लावायची तर ते काढावे लागते. कामाच्या दिवसांत धार दर पंधरवड्याला. दोनदा काढले, दोनदा बसवले, तिसऱ्यांदा दोन बोल्ट सापडत नाहीत आणि झाकण भिंतीला टेकून उभे राहते. एका घरी ते कोंबड्यांच्या खुराड्यावर होते, दुसऱ्या घरी पाण्याच्या पिंपावर. म्हणून आता मशीन घेऊन कुणी आले की आम्ही आधी झाकण मागतो. नसेल तर पत्र्याचे नवे करतो, जाड पत्र्याचे, पातळ पत्रा उडत्या पात्यापुढे टिकत नाही. घासाघीस नेमकी इथेच होते. पात्याच्या किमतीवर कुणी बोलत नाही, झाकणाचे पैसे मात्र 'राहू द्या की' म्हणून कापायला बघतात.

यावर तोड काढली ती एका भाभींनी. मशीन न्यायला नवऱ्यासोबत आल्या होत्या. झाकण काढून कुठे ठेवायचे आणि पुन्हा शोधायचे कुणी, असे म्हणत त्यांनी आपल्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीचे उदाहरण दिले: झाकण कोठीलाच असते, उघडते आणि बंद होते. तेव्हापासून आम्ही एका बाजूला दोन बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला पान्याने आवळायचा एकच बोल्ट लावतो. बोल्ट हाताने सुटत नाही, त्यामुळे मुलांना उघडता येत नाही, आणि धार लावायला झाकण उचलले की ते मशीनलाच राहते.