रोजची एक गोळी आणि एकच ताट

साताऱ्या-सांगलीच्या खेड्यांत एकेकाळी एड्स म्हणजे मरणच मानले जाई. रोग्याचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे. विटाळाचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्या घरांत तरी असे घडू नये, असे आम्हांस वाटते. एकत्र जेवल्याने हा रोग लागत नाही.

सरकारने मोफत उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू केले. आज त्यांत डोल्युटेग्रॅविर हे प्रभावी औषध आहे. एचआयव्हीचा विषाणू रक्तातील पांढऱ्या पेशीत शिरतो आणि 'इंटिग्रेज' या विकराच्या साह्याने आपली जनुके तिच्या जनुकांत घुसवतो. हे औषध त्या विकरालाच अडवते. आणखी दोन औषधांसह ते एकाच गोळीत, रोज एकदा घ्यायचे असते. सातारा व सांगलीच्या सिव्हिलमधील एआरटी केंद्रात चौकशी करावी.

विषाणू समूळ जात नाही. पण नियमित गोळीने इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. तो तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागत नाही. म्हणून बरे वाटले तरी गोळी सोडू नका. ॲसिडिटीचे औषध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, क्षयाचा उपचार चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. गोळीची वेळ वा मात्रा बदलावी लागते.

२०१७ च्या कायद्याने रोग्याशी भेदभावास बंदी केली आहे. परंतु घरातले ताट कायदा वाढत नाही. ते आपणच वाढायचे आहे.