रस्ट आवडते, कोबोल छळते: पण ताण नेमका कशाचा?

सुट्टीत बोदवडला गेलो की दोन प्रकारची पोरं भेटतात. इंजिनिअरिंगला असलेली विचारतात, "दादा, पायथन शिकू की जावा?" आणि दोन-तीन वर्षांपूर्वी पुण्याला, हिंजवडीला नोकरीला लागलेली, दिवाळीत घरी आलेली असतात. ती जरा बाजूला घेऊन विचारतात, "भो, मला ही भाषा झेपत नाही वाटतं. दुसरी शिकून प्रोजेक्ट बदललं तर डोकं शांत होईल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठलाही क्लासवाला देतो, फी घेऊन. दुसऱ्या प्रश्नावर संशोधनात बरंच काही सांगण्यासारखं आहे, आणि ते क्लासच्या पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून आजची पोस्ट त्यावर.

सुरुवात लोकप्रियतेच्या यादीपासून करू. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट दरवर्षी एक मोठा सर्व्हे घेते. २०२२ साली त्यात साधारण ७० हजार लोकांनी भाग घेतला. 'सर्वात आवडती भाषा' म्हणून रस्ट पहिली आली, ८७ टक्के. मॅटलॅब आणि कोबोल अगदी तळाला, म्हणजे वापरणाऱ्या दर पाचांपैकी साधारण चारांना त्या पुढे वापरायच्या नव्हत्या. हे आकडे बघून यूट्यूबवर लगेच व्हिडिओ येतात की रस्ट शिका, सुखी व्हा.

पण हा टक्का काढतात कसा, ते बघा. जे लोक ती भाषा सध्या वापरतात, त्यांच्यापैकी किती जणांना ती पुढेही वापरायची आहे, एवढंच तो सांगतो. आणि त्या वर्षी रस्ट वापरणारे होते जेमतेम ९ टक्के. हे कोण लोक? बहुतेक वेळा ज्यांनी ती भाषा स्वतः निवडली ते. रात्री घरी बसून हौसेने शिकले किंवा कंपनीत भांडून नवीन प्रोजेक्टला ती लावून घेतली. कोबोल मात्र कुणी हौसेने निवडत नाही. बँकेचा किंवा विमा कंपनीचा ४० वर्षांचा जुना कोड असतो, तो चालू ठेवायला माणूस लागतो आणि बेंचवर बसलेल्या फ्रेशरला तिकडे पाठवलं जातं. म्हणजे एका बाजूला प्रेमविवाह आणि दुसऱ्या बाजूला न विचारता ठरवलेलं लग्न, आणि आपण तुलना करतोय नवरीच्या स्वभावाची!

हा फरक, निवडलेलं की गळ्यात पडलेलं, मानसशास्त्रात फार जुना आहे. १९७९ साली रॉबर्ट कारासेक यांनी स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांच्या माहितीवरून एक मॉडेल मांडलं. त्यात कामाच्या दोन बाजू मोजायच्या. एक, कामाची मागणी: किती काम, किती घाई. दुसरी, निर्णयाची मोकळीक: काम कसं करायचं हे ठरवण्यात तुमचा हात किती, तुमचं कौशल्य वापरायला वाव किती. नुसती मागणी जास्त असली म्हणून माणूस खचतोच असं नाही. मागणी जास्त आणि मोकळीक कमी, हे दोन्ही एकत्र आलं की थकवा, उदासी वाढताना दिसते. दोन्ही जास्त असतील तर त्या कामाला कारासेक 'सक्रिय' म्हणतात, त्यातून माणूस शिकतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कपाशीच्या हंगामात जिनिंगवर कामाला असलेला माणूस आणि स्वतःचं गॅरेज चालवणारा मेकॅनिक, दोघंही बारा तास राबतात. पण कुठली गाडी आधी घ्यायची, जेवायला कधी उठायचं, कुठला पाना वापरायचा हे मेकॅनिक स्वतः ठरवतो. (शेतकरी यात कुठे बसतो, विचारू नका. शेत त्याचं, पण पाऊस आणि भाव दोन्ही त्याच्या हातात नाहीत. त्यावर स्वतंत्र पोस्ट लागेल.)

१९८८ साली जॉन्सन आणि हॉल या संशोधकांनी यात तिसरी बाजू जोडली: सोबत. मागणी जास्त, मोकळीक कमी आणि वर विचारायला कुणीच नाही, ही सर्वात वाईट अवस्था. स्वीडनच्या कामगारांमध्ये त्यांनी याचा संबंध थेट हृदयविकाराशी तपासला होता. म्हणजे हा विषय 'आजकालची पोरं नाजूक' इतका हलका नाही.

आता हिंजवडीतल्या सपोर्ट प्रोजेक्टला हे मॉडेल लावून बघू. भाषा क्लायंटने ठरवलेली. लॅपटॉप क्लायंटचा, त्यावर आपल्या आवडीचा एडिटर टाकायला परवानगी नाही. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ, म्हणून कॉल रात्री. तिकीट आलं की घड्याळ सुरू, अमुक तासांत बंद झालंच पाहिजे. कोड ज्याने लिहिला तो कधीच नोकरी सोडून गेलेला. आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा, त्यामुळे निघायचं म्हटलं तरी लगेच निघता येत नाही. यात जावाचा दोष किती? माझ्या मते फार थोडा.

प्रोग्रामर लोकांवरच केलेला अभ्यासही हेच सुचवतो. डॅनिएल ग्रॅझिओटिन आणि सहकाऱ्यांनी १,३१८ डेव्हलपर्सना विचारलं की कामात नाराज कशाने होता. २१९ कारणं निघाली. सर्वात वर होतं, प्रॉब्लेम सोडवताना अडकून पडणं. दुसरं, वेळेचा दबाव. तिसरं, खराब कोड आणि कोड लिहिण्याच्या खराब सवयी, त्यातही बऱ्याचदा दुसऱ्याने लिहिलेला कोड. एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: त्यांनी लोक शोधले गिटहबवरून, म्हणजे ज्यांचा कोड जगाला दिसतो असे. ज्यांचा सगळा कोड क्लायंटच्या भिंतीआड असतो, ते आपले बरेचसे सर्व्हिस कंपनीवाले यात कमीच असणार.

खराब कोडसाठी एक शब्द आहे, तांत्रिक कर्ज. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली ही उपमा दिली. घाईत कसंतरी लिहिलेला कोड म्हणजे घेतलेलं कर्ज, आणि नंतर प्रत्येक बदलाला लागणारा जास्तीचा वेळ म्हणजे व्याज. सावकारी काय असते हे खान्देशात समजावून सांगायला नको. तेरेसे बेस्कर आणि सहकाऱ्यांनी ४३ डेव्हलपर्सकडून सात आठवडे नियमित नोंदी घेतल्या, तेव्हा या कर्जापायी सरासरी २३ टक्के वेळ वाया जात होता. आणि असं कर्ज समोर आल्यावर दर चार वेळांपैकी एकदा त्यांना त्यात आणखी नवीन कर्ज घालावं लागत होतं! इथे खटकणारी गोष्ट अशी की कर्ज काढतो एक, सही करतो दुसरा, आणि हप्ते फेडतो तिसराच. तो तिसरा म्हणजे बहुतेक वेळा नवीन आलेला पोरगा, आणि त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही.

मग भाषेचा काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण वाटतो तेवढा नाही. २०१४ साली गिटहबवरच्या ७२९ प्रोजेक्टवरून एक पेपर आला होता, की काही भाषांमध्ये बग जास्त, काहींमध्ये कमी. फार गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तीच माहिती पुन्हा तपासली, तर ११ भाषांबद्दलच्या निष्कर्षांपैकी चारच टिकले, आणि तेही अगदी बारीक फरकाचे. भाषा निवडली कशी जाते, यावर मेयरोविच आणि रॅबकिन यांचा २०१३ चा अभ्यास आहे. तयार लायब्ररी, आधीचा कोड आणि टीमला काय येतं, यावर निवड ठरते; भाषेचे स्वतःचे गुण मागे पडतात. त्यातली दुसरी एक गोष्ट मला आवडली: लोक नव्या भाषा शिकतात तशा जुन्या विसरतातही, त्यामुळे येणाऱ्या भाषांची संख्या वयाबरोबर फारशी वाढत नाही. ज्याला 'तू मागे पडशील' अशी भीती घातली जाते त्याने हे वाचावं.

शिवाय एक इशारा. याच स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०१७ च्या माहितीवरून निघालं होतं की कोडमध्ये टॅबऐवजी स्पेस वापरणाऱ्यांचा पगार साधारण ८.६ टक्के जास्त. देश, अनुभव वगैरे धरूनसुद्धा. म्हणून उद्यापासून स्पेसबार दाबलात तर पगार वाढेल का? 'अमुक भाषावाले सुखी' हे वाक्यही त्याच जातीचं.

तर त्या दुसऱ्या प्रश्नावर मी पोरांना सध्या उलटे प्रश्न विचारतो. तुझ्या कोडमध्ये एखादी गोष्ट नीट करायला दोन दिवस मागितलेस तर मिळतात का? अडकलास तर विचारायला सीनियर आहे का, की नुसता चॅटवरचा हिरवा ठिपका? रात्रीचा कॉल कुणावर येणार हे कोण ठरवतं? आणि घरच्या मशीनवर, स्वतःच्या छोट्या प्रोजेक्टवर, हीच भाषा लिहिताना त्रास होतो का? या शेवटच्याला 'नाही' असं उत्तर आलं, तर नव्या कोर्सची फी थांबवा. टीम किंवा प्रोजेक्ट बदलून मिळतं का ते आधी बघा. मुलाखतीत टेक स्टॅक विचारतो तसंच ऑन-कॉलचं वेळापत्रक आणि टीममध्ये जुनी माणसं किती, हेही बिनधास्त विचारायचं. उत्तर द्यायला समोरचा किती अडखळतो, ती पण माहितीच आहे.

आणि झोप उडाली असेल, सकाळी उठून लॅपटॉप उघडायचीच धास्ती वाटत असेल, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर वरचे प्रश्न नंतर. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. घरच्यांना सांगायचं कसं असं वाटत असेल तर तेही त्यांनाच विचारा.

पुढच्या पोस्टमध्ये कोड लिहिताना मध्येच येणारे व्यत्यय. ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं होतं, फक्त त्याची किंमत वेगळ्या खात्यात पडली.